जुन्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसचा हायड्रॉलिक क्लच पाईप कसा बदलावा

रात्री गाडी चांगली उभी केलेली असते. सकाळी क्लच दाबला की पेडल थेट मॅटला टेकतं आणि तिथेच राहतं. बुटाच्या टोकाने उचलून वर आणलं, पुन्हा दाबलं, तरी गिअर पडत नाही. अशा वेळी दहापैकी आठ गॅरेजांत पहिलं उत्तर मिळतं, "प्लेट गेली, गिअरबॉक्स उतरवावा लागेल." हे ऐकून लगेच हो म्हणू नका. क्लचची प्लेट झिजली की क्लच घसरतो, इंजिन ओरडतं आणि गाडी ओढत नाही, पण पेडल खाली पडत नाही. पेडल खाली पडतंय याचा अर्थ ऑइलचा दाब कुठेतरी निसटतोय. गिअरबॉक्स उतरवण्याच्या खर्चापुढे पाईप बदलण्याचा खर्च फार थोडा आहे, म्हणून निदान आधी आणि पाना नंतर.

संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यातल्या स्कोडाच्या कारखान्यात २००१ पासून ऑक्टाव्हिया तयार होऊ लागली. २००४ मध्ये तिची जास्त ताकदीची आवृत्ती, आरएस, आली, १.८ लिटर टर्बो पेट्रोल, दीडशे हॉर्सपॉवर आणि पाच गिअर. संभाजीनगर-जालना भागात या गाड्या आजही जपून चालवणारे लोक आहेत. इंजिन दणकट आहे. वीस वर्षांनी थकतं ते रबर. टर्बो इंजिनाच्या मागच्या अंगाला, केबिनच्या पत्र्याच्या बाजूला आहे. त्या उष्णतेत आपल्याकडचा चाळीस अंशांपलीकडचा एप्रिल-मे मिळाला की मऊ होज, म्हणजे क्लचच्या पाईपचा रबरी भाग, आतून फुगायला आणि बाहेरून तडकायला लागतो.

क्लच सोडवणारा गिअरबॉक्सकडचा छोटा सिलिंडर म्हणजे स्लेव्ह सिलिंडर. खालची कृती तो गिअरबॉक्सच्या बाहेर असलेल्या गाडीसाठी आहे. या आरएसमध्ये तो बाहेरच आहे. काही गाड्यांत, विशेषतः सहा गिअरच्या, तो बेल हाउसिंगच्या (गिअरबॉक्सच्या क्लच झाकणाऱ्या भागाच्या) आत, क्लच दाबणाऱ्या रिलीज बेअरिंगभोवती बसतो. त्या गाड्यांचा पाईप बाहेरून बदलता येतो, पण स्लेव्ह गळत असेल तर गिअरबॉक्स उतरवण्यावाचून गत्यंतर नसतं.

१. ऑइल कुठून कुठे जातं ते पाहून घ्या

बॉनेट उघडा. ब्रेक ऑइलची पांढरट टाकी दिसेल. क्लचला वेगळी टाकी नाही, ब्रेक आणि क्लच एकाच टाकीतून पितात. टाकीच्या अंगाला असलेल्या तोटीतून एक मऊ नळी निघून पेडलमागच्या मास्टर सिलिंडरला जाते. या नळीत दाब नसतो, ऑइल नुसतं उतारानं जातं. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडर ऑइल दाबाच्या पाईपमध्ये ढकलतो. हा पाईप काही भाग लोखंडी नळीचा आणि काही भाग रबरी होजचा असतो. आपला ड्रायव्हर उजवीकडे आणि गिअरबॉक्स डावीकडे, म्हणून हा पाईप इंजिनाच्या मागून गाडीची रुंदी ओलांडून पलीकडे जातो. शेवटी स्लेव्ह सिलिंडरचा दांडा बाहेर सरकतो आणि क्लच सोडवणारा काटा, म्हणजे फोर्क, ढकलतो.

क्लचची तोटी टाकीत ब्रेकच्या भागापेक्षा वर ठेवलेली आहे. क्लचकडचं सगळं ऑइल गळून गेलं तरी ब्रेकपुरतं ऑइल टाकीत उरतं. ही सोय चांगली आहे, पण तिच्या भरवशावर गाडी चालवत राहू नका. टाकीतली पातळी घटतेय हा इशारा ब्रेकचाही असू शकतो.

पेडल वीतभर खाली जातं, पण स्लेव्हचा दांडा बोटाच्या पेराएवढाही सरकत नाही. एवढ्या थोड्या हालचालीत पाईपमध्ये हवेचा लहानसा बुडबुडा राहिला किंवा होज जरा फुगला, तरी तेवढ्यानेच क्लच अर्धा सुटलेला राहतो. पुढे एअर काढण्यावर इतका भर दिलाय तो यासाठीच.

२. दोष नक्की कुठे आहे ते ठरवा

अर्धा तास इथे घालवा. चुकीचा पार्ट मागवून आठवडा वाया घालवण्यापेक्षा हे परवडतं.

आधी ड्रायव्हरच्या पायाखालचा गालिचा उचला. पेडलच्या वर, मास्टरच्या दांड्याजवळ बोट फिरवा. ओलं, बुळबुळीत लागलं तर मास्टर सिलिंडर गळतोय आणि नुसता पाईप बदलून उपयोग नाही. मग गिअरबॉक्सवर या. स्लेव्हच्या टोकाचं रबरी बूट हळूच मागे सारा. आत ऑइल साचलं असेल तर दोष स्लेव्हचा. दोन्ही कोरडे असतील तर पाईपच्या दोन्ही जोडांवर आणि होजच्या पूर्ण लांबीवर टॉर्च मारा. जोडाखाली धूळ ओली होऊन चिकटलेली दिसते. आपल्याकडच्या धुळीचा एवढा तरी फायदा होतो, गळती लपत नाही.

दिसलेला ओलावा ब्रेक ऑइलच आहे का, हे ठरवायची साधी रीत आहे. तो कागदाने टिपा आणि कागद वाटीभर पाण्यात हलवा. ब्रेक ऑइल पाण्यात विरघळून जातं. इंजिन ऑइल किंवा गिअर ऑइल असेल तर वर तवंग येतो. गिअरबॉक्सच्या सीलची गळती क्लचची समजून पाईप बदलणारे बरेच असतात.

बाहेर कुठेच गळती नसेल तर एकाला पेडल दाबायला बसवा आणि तुम्ही रबरी होज मुठीत धरा. इंजिन थंड असतानाच. पेडल दाबताच होज हातात फुगलेला जाणवला तर तो आतून सैल झालाय. याची रस्त्यावरची खूण म्हणजे सकाळी गाडी थंड असताना सगळं ठीक, आणि दुपारी शहागंजच्या किंवा जालना रोडच्या गर्दीत तासभर गेलं की रिव्हर्स टाकताना कर्रकन आवाज.

उलटाही दोष असतो. होजचं आतलं अस्तर सुटून त्याची झडप बनते. ऑइल पुढे जातं, पण परत येताना अडतं. तेव्हा पाय उचलला तरी क्लच सावकाश लागतो आणि गाडी काही क्षण घसरते. याला हमखास "प्लेट गेली" म्हटलं जातं. नळी मोकळी करून पाहिल्याशिवाय ते मान्य करू नका.

पेडल खाली जातं, गळती कुठेच नाही, होजही फुगत नाही, असं असेल तर मास्टरच्या आतलं सील ऑइल मागे सोडतंय. आणि पेडल घट्ट, पूर्ण वर, तरी चढावर इंजिनाचे फेरे वाढतात पण वेग वाढत नाही, तर मात्र प्लेटच.

शेतावरच्या शेडमध्ये गाडी उभी राहत असेल तर होजवर उंदराचे दातही शोधा. बाहेरून बारीक टोचे दिसतात आणि दाब आल्यावरच थेंब फुटतो.

३. पार्ट मागवताना

सर्वात महागाची चूक इथे होते. परदेशी संकेतस्थळांवर या गाडीचे जे पाईप दिसतात, त्यांतले बरेच डाव्या हाताच्या स्टिअरिंगच्या गाडीचे असतात. त्यांच्याकडे पेडलही डावीकडे आणि गिअरबॉक्सही डावीकडे, म्हणून त्यांचा पाईप आखूड. चित्रात टोकं सारखीच दिसतात आणि इथे आल्यावर पाईप पोहोचत नाही. पार्ट नेहमी स्वतःच्या गाडीच्या चॅसी नंबरवरून काढायचा आणि मागवताना "उजव्या हाताची गाडी" हे लिहून द्यायचं. जुना पाईप काढल्यावर त्याच्यावर छापलेला नंबर मिळाला तर उत्तमच. शक्य असेल तर आधी फोटो काढून, नंबर वाचून मगच मागवा.

नवा पाईप मिळत नसेल तर लोक होज बनवून घ्यायला निघतात. वाळूज, जालना, लातूर, नांदेड, कुठेही जेसीबी, ट्रॅक्टर आणि ऊसतोडणी यंत्रांचे होज क्रिंप करून (टोकं दाबून बसवून) देणारी दुकानं आहेत आणि त्यांचं काम सुबक असतं. पण तिथला नेहमीचा होज नायट्राइल रबराच्या अस्तराचा असतो. तो खनिज हायड्रॉलिक ऑइलसाठी बनवलेला आहे. ब्रेक ऑइल हे ग्लायकॉलचं रसायन आहे. त्यात नायट्राइल फुगतं, मऊ पडतं, त्याचे कण सुटतात आणि स्लेव्हचं सील खराब करतात. दाब कितीही सोसणारा होज असला तरी हे टळत नाही. दुकानदाराला स्पष्ट सांगा की आत टेफ्लॉनची नळी आणि बाहेर स्टेनलेस जाळी पाहिजे, आणि आतून ब्रेक ऑइल जाणार आहे. त्याच्याकडे ती नसेल तर दुसरं दुकान पाहा.

शिवाय या गाडीच्या पाईपची टोकं आट्यांची नाहीत. टोकाला गुळगुळीत नळी, तिच्यावर ओ-रिंग (रबरी कडी), आणि वरून तारेचं लॉक, अशी रचना आहे. बनवून घेतलेल्या होजला ही टोकं जुन्या पाईपवरून काढून लावावी लागतात किंवा तशी टोकं असलेला तयार पाईप घ्यावा लागतो. टोक वेल्डिंग करून, एम-सील लावून, होज क्लिप आवळून बसवायचा विचारही करू नका. क्लच दाबताना या पाईपमधला दाब बागेच्या नळीसारखा नसतो.

लोखंडी भाग गंजला असेल तर तो ब्रेक पाईपच्या नळीतूनच बनवा. फ्रिजवाल्याकडची साधी तांब्याची नळी वापरू नका. ती इंजिनाच्या थरथरीने कडक होत जाते आणि फ्लेअरजवळ, म्हणजे रुंद केलेल्या टोकाजवळ, चिरते.

पाईपसोबत हेही मागवा:

दोन्ही टोकांच्या नव्या ओ-रिंग आणि तारेची लॉक, पाईपबरोबर येत नसतील तर. ओ-रिंग पंपाच्या किंवा नळफिटिंगच्या दुकानातली चालत नाही, कारण तीही बहुधा नायट्राइलचीच असते. ब्रेकची, म्हणजे ईपीडीएम रबराची पाहिजे.

डॉट ४ ब्रेक ऑइल, अर्धा लिटरच्या दोन सीलबंद बाटल्या. डॉट ५ घेऊ नका, ते सिलिकॉनचं आहे आणि यात मिसळत नाही. डॉट ५.१ हे नाव सारखं वाटलं तरी ग्लायकॉलचंच, ते चालतं. मागच्या वर्षी उघडून ठेवलेली बाटली फेकून द्या. कोरडं डॉट ४ कमीत कमी २३० अंशांना उकळतं, पण हवेतलं पाणी शोषलेल्या ऑइलची हमी फक्त १५५ अंशांची असते. टर्बोशेजारून जाणाऱ्या पाईपसाठी हा फरक मोठा आहे.

स्लेव्ह सिलिंडर गाडीबरोबर आलेला मूळचाच असेल तर तोही आत्ताच बदला. पाईप त्याच्यापासून सोडवावाच लागणार आहे, हवा पुन्हा काढावीच लागणार आहे. नव्या पाईपने दाब पूर्ववत झाला की वीस वर्षं जुनं सील महिनाभरात हार मानतं. मास्टर मात्र कोरडा असेल तर त्याला हात लावू नका, पेडलच्या खोबणीत डोकं घालून करायचं ते वेगळं काम आहे.

४. हत्यारं आणि कागद

१० आणि १३ चे सॉकेट, लांब एक्स्टेन्शन, ११ चा रिंग पाना ब्लीडर निप्पलसाठी, म्हणजे स्लेव्हवरच्या हवा काढायच्या तोंडासाठी. छोटा चपटा स्क्रू ड्रायव्हर आणि टोकदार हूक, तारेची लॉक उचलायला. मऊ नळी दाबून बंद करायचा चिमटा. जॅक, दोन घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड), चाकांना लावायला ओंडके. १०० मिलीची सिरिंज. गवंडी लोक वापरतात ती पारदर्शक लेव्हलची बारीक नळी दोन हात. काचेची बाटली, सुती चिंध्या, पाण्याची बादली, हातमोजे, चष्मा. चार्ज केलेला टॉर्च, कारण वीज नेमकी लॉक काढताना जाते.

कागद म्हणजे आरसीची प्रत चॅसी नंबरसाठी, आणि रेडिओचा कोड. बॅटरी सोडली की कंपनीचा रेडिओ लॉक होतो आणि कोड मागतो. गाडीच्या पुस्तकांच्या पाकिटात त्याचं कार्ड असतं. जुनी गाडी दुसऱ्या-तिसऱ्या हाताची असली की हेच कार्ड हरवलेलं असतं, म्हणून बॅटरीला हात लावायच्या आधी शोधा.

५. जागा आणि तयारी

सिमेंटची किंवा फरशीची जागा पाहिजे. काळ्या मातीवर जॅक लावू नका, वरून कितीही टणक दिसली तरी. पावसाळ्यात तर अजिबात नाही. दुसरी जागाच नसेल तर जॅक आणि घोड्यांखाली जाड, रुंद फळ्या टाका. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नका.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, निदान तीन-चार तास. हे फक्त हात भाजू नयेत म्हणून नाही. तापलेल्या टर्बोवर सांडलेलं ब्रेक ऑइल पेट घेऊ शकतं.

हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना ओंडके लावा, गिअर न्यूट्रलला ठेवा. बॅटरीची आधी वजा आणि मग अधिक तार सोडा. बॅटरी, तिचा ट्रे आणि एअर फिल्टरचा डबा काढा. डब्यावरच्या सेन्सरचा प्लग खेचून नाही, त्याचं लॉक दाबून काढायचा, तिथलं प्लॅस्टिक आता ठिसूळ झालेलं असतं. टर्बोकडे जाणाऱ्या नळीचं तोंड स्वच्छ कापडाने बंद करा. एखादा नट आत पडला तर टर्बोची पाती जातील. आता खाली गिअरबॉक्सवरचा स्लेव्ह दिसेल.

स्टिअरिंगला एक चिठ्ठी बांधा, "क्लच दाबू नये." घरातलं कोणी सहज बसून पेडल दाबतं आणि मोकळ्या स्लेव्हचा पिस्टन बाहेर उडतो.

६. जुना पाईप काढणे

दोन्ही जोड आधी ब्रशने झाडून स्वच्छ करा. धुळीचा कण आत गेला तर नवं सील पहिल्याच दिवशी चिरतं. साफ करायला पेट्रोल, डिझेल, रॉकेल वापरू नका. ब्रेक क्लीनर किंवा ताजं ब्रेक ऑइल वापरा.

टाकीतून सिरिंजने थोडं ऑइल काढून घ्या. टाकीतून मास्टरकडे जाणारी मऊ नळी चिमट्याने दाबून बंद करा. चिमटा या नळीलाच लावायचा, दाबाच्या होजला कधी नाही. त्याचं अस्तर आतून चिरतं आणि बाहेरून काही दिसत नाही.

पाईपच्या वाटेचे फोटो काढा, कुठल्या क्लिपमधून, कशाच्या वरून, कशाच्या खालून. किमान आठ-दहा फोटो काढून ठेवा.

स्लेव्हकडून सुरू करा. जोडाखाली चिंध्या भरा. तारेचं लॉक स्क्रू ड्रायव्हरने अडेपर्यंतच वर उचला. पूर्ण उपसून काढायची गरज नसते, आणि उपसलं की ते उडून गिअरबॉक्सच्या कपारीत जातं. लॉक वर आलं की पाईप सरळ बाहेर ओढा. वाकडा करून, पिळून ओढला तर स्लेव्हचं प्लॅस्टिकचं तोंड तुटतं. अडकला असेल तर किंचित आत ढकलून, थोडा गोल फिरवून मग ओढा. टोक बाटलीत सोडा.

स्लेव्ह काढायचा असेल तर १३ चे दोन बोल्ट सोडा. दांडा बाहेर ढकलणारी स्प्रिंग आत असते, म्हणून शेवटचा बोल्ट सोडताना दुसऱ्या हाताने स्लेव्ह धरून ठेवा.

मग मास्टरकडचं टोक. ब्रेक बूस्टरच्या (ब्रेकला जोर देणाऱ्या गोल डब्याच्या) शेजारी, केबिनच्या पत्र्याला लागून जागा अगदी अडचणीची आहे. इथे हूक आणि टॉर्च दोन्ही लागतात आणि लॉक डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळतं. पद्धत तीच, लॉक अडेपर्यंत उचलायचं आणि पाईप सरळ ओढायचा. शेजारून ब्रेकच्या लोखंडी नळ्या गेलेल्या आहेत, पाईप सुटत नाही म्हणून त्यांचा आधार घेऊन जोर लावू नका.

टोक निघाल्यावर छिद्रात डोकावून पाहा. जुनी ओ-रिंग पाईपवरच असावी. पाईपवर नसेल तर ती आत राहिली आहे. तिच्यावर नवा पाईप ढकलला की दोन ओ-रिंग एकमेकींत अडकतात, पाईप पूर्ण बसत नाही आणि गळती तशीच राहते. पाईप बदलूनही गळतंय अशा तक्रारीमागे बहुधा हेच असतं.

रंगावर सांडलेलं ऑइल पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता. पुसल्याने ते पसरतं आणि काही तासांत रंग सुटतो.

७. नवा पाईप बसवणे

जुना आणि नवा पाईप जमिनीवर शेजारी ठेवा. लांबी, वाकणं, टोकांचा व्यास, सगळं जुळलं पाहिजे. नव्या पाईपची टोपणं बसवायच्या क्षणापर्यंत काढू नका.

पाईप आधी वाटेत सैल ठेवून पाहा आणि मग क्लिपमध्ये बसवा. टर्बो आणि सायलेन्सरच्या नळीपासून तो मूळच्या वाटेइतका लांब राहिला पाहिजे. कंपनीने उष्णतारोधक बाही दिली असेल तर तीही परत चढवा. रबरी भागात पीळ राहता कामा नये. इंजिन गिअरबॉक्ससकट हलतं आणि पत्रा स्थिर असतो, त्या हालचालीसाठी होजला थोडं ढिलेपण लागतं.

ओ-रिंगला ताज्या ब्रेक ऑइलचं बोट लावा. ग्रीस, इंजिन ऑइल, खोबरेल तेल काहीही नको, ईपीडीएम रबर त्याने फुगतं. तारेचं लॉक जागेवर दाबून ठेवा आणि पाईप सरळ आत ढकला, टक असा आवाज येईपर्यंत. मग पाईप जोरात ओढून पाहा. हलला नाही तरच बसला. दोन्ही टोकांना हे करा.

स्लेव्ह बसवताना दांड्याच्या टोकाला ग्रीसचा अगदी बारीक ठिपका द्या, रबरी बुटाला लागू न देता. टोक फोर्कच्या खळग्यात बसलंय ना, ते हाताला जाणवतं. दोन्ही बोल्ट आधी हाताने पूर्ण फिरवा, मग घट्ट करा. सुमारे २५ न्यूटन मीटर पुरे. गिअरबॉक्स ॲल्युमिनियमचा आहे, आटे सहज जातात.

आणि मऊ नळीवरचा चिमटा आत्ताच काढा. तो विसरला की पुढचे दोन तास हवा का निघत नाही याचा शोध चालतो.

८. एअर काढणे

पेडल मारून एअर काढायची ब्रेकची पद्धत या क्लचवर एकटी सहसा पुरत नाही. पाईप वर चढतो, आडवा जातो आणि खाली उतरतो. हवा वरच्या वळणात बसते आणि पेडलच्या प्रत्येक दाबाने थोडी खाली जाऊन परत वर येते. म्हणून खालून वर भरा, हवेचा स्वभावच वर जाण्याचा आहे.

टाकी निम्म्याखाली आणा, पण ब्रेकच्या भागातलं ऑइल कधीही संपू देऊ नका. सिरिंज आणि पारदर्शक नळी ताज्या ऑइलने पूर्ण भरा, नळी उभी धरून टिचक्या मारून बुडबुडे घालवा. निप्पलचं तोंड साफ करून नळी चढवा आणि तिच्याभोवती तार किंवा पट्टी आवळा. निप्पल अर्धा फेरा उघडा. सिरिंज अगदी सावकाश दाबा. टाकीत बुडबुडे येताना दिसतील, तिथे एक माणूस उभा पाहिजे, कारण टाकी भरून वाहायला वेळ लागत नाही. सिरिंज संपायच्या आधी, दाब हातात असतानाच निप्पल बंद करा. टाकीतलं जादा ऑइल काढून हे आणखी दोन-तीनदा करा. एकदा वापरलेलं ऑइल परत सिरिंजमध्ये घेऊ नका, तो गाळ ब्रेकच्या टाकीत जातो.

जुना, काळपट ऑइल भरलेला स्लेव्हच ठेवला असेल तर आधी थोडं ऑइल निप्पलमधून खाली सोडून द्या आणि मगच वर भरा.

यानंतर पेडलची पाळी. एकजण पेडल सावकाश खाली दाबून धरतो, दुसरा निप्पल उघडतो, ऑइल-हवा नळीतून बाटलीतल्या ऑइलखाली जाते, निप्पल बंद होतं, आणि मगच पेडल हाताने वर उचलायचं. निप्पल बंद व्हायच्या आधी पाय सुटला तर तीच हवा परत आत. भरभर पंप मारू नका, त्याने ऑइलला फेस येतो. दहा-पंधरा वेळा करा, दर चार-पाच वेळांनी टाकी पाहा. दाबाचं यंत्र कोणाकडे असेल तर एक ते दीड बारपलीकडे नेऊ नका.

अजूनही पेडल पोकळ लागत असेल तर स्लेव्हचे दोन बोल्ट सोडून, पाईप जोडलेलाच ठेवून, स्लेव्ह असा धरा की पाईपचा जोड सर्वांत वर येईल. निप्पल बंद ठेवून दांडा अंगठ्याने हळूहळू पूर्ण आत दाबा. आतली हवा पाईपमधून टाकीकडे जाते. मग तसाच वर धरून सावकाश बाहेर येऊ द्या. तीन-चार वेळा केलं की बहुतेक हट्टी बुडबुडे निघतात. या वेळी पेडलवर कोणाचाही पाय नको.

पेडल लाकडाने दाबून रात्रभर ठेवा, सकाळी हवा निघालेली असते, असं काहीजण सांगतात. पेडल दाबलेलं असताना मास्टरमधला टाकीकडचा रस्ता बंद असतो, मग हवा जाणार कुठून? रात्रभर ठेवायचंच असेल तर पेडल वर आणि टाकीकडचा रस्ता मोकळा ठेवा.

निप्पल हलक्या हाताने आवळा. अंगचा जोर लावला की ते आतच मोडतं आणि पूर्ण स्लेव्ह बदलावा लागतो. रबरी टोपी लावा, नाहीतर पुढच्या वेळी त्यात माती भरलेली असेल. टाकी कमाल खुणेपर्यंत भरा, वर नाही.

९. गाडी काढण्याआधी आणि नंतर

एअर फिल्टरचा डबा, ट्रे, बॅटरी बसवा, टर्बोच्या नळीतलं कापड काढलंय याची खात्री करा. आधी अधिक, मग वजा तार. रेडिओचा कोड टाका. काच एका दाबाने वर जायची सोय बंद पडलेली असेल, काच पूर्ण वर नेऊन बटण काही क्षण धरून ठेवलं की ती परत येते.

इंजिन बंद असताना पेडल तीस-चाळीस वेळा दाबा आणि दोन्ही जोडांवर कोरडा कागद फिरवा. मग सपाट जागी इंजिन सुरू करा, क्लच पूर्ण दाबा, तीन-चार सेकंद थांबा, रिव्हर्स टाका. कर्र आवाज आला तर हवा अजून आहे. पहिल्या गिअरमध्ये क्लच दाबून हलकं रेस करा. गाडी तसूभरही पुढे सरकता कामा नये.

पहिली फेरी गल्लीतच मारा, नंतर शहरात अर्धा तास. थंड असताना ठीक वाटणारं पेडल इंजिन तापल्यावर मऊ पडलं तर उरलेला बुडबुडा गरमीने फुगलाय, पुन्हा आठव्या पायरीवर या. औट्रम घाटात किंवा मांजरसुंब्याच्या घाटात जायचं ते यानंतर. समृद्धीवर तर दुसऱ्या दिवशी टाकीची पातळी पाहून मगच. तिथे वाटेत क्लच गेला तर गाडी कडेला घेऊन टोइंगची वाट पाहण्याशिवाय काही करता येत नाही.

काढलेलं जुनं ऑइल गटारात, विहिरीजवळ किंवा बांधावर ओतू नका. वेगळ्या झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर "ब्रेक ऑइल" लिहून गॅरेजला द्या. इंजिन ऑइलच्या डब्यात मिसळू नका. रिकाम्या पाण्याच्या बाटलीत तर ठेवूच नका, घरात लहान मुलं असतात आणि हे विषारी आहे.

आठवडाभर रोज सकाळी टाकीची पातळी पाहा. ५०० किलोमीटर झाले की एकदा बॉनेट उघडून दोन्ही जोडांवर पुन्हा कोरडा कागद फिरवा. पुढे दर दोन वर्षांनी, शक्यतो पावसाळा संपल्यावर, ब्रेकचं ऑइल बदलाल तेव्हा क्लचच्या निप्पलमधूनही जुनं ऑइल काढायला मिस्त्रीला सांगा. चार चाकांची निप्पलं सगळे उघडतात, हे पाचवं बहुतेक वेळा राहून जातं.